कीबोर्डच्या पट्ट्यांत न मावणारा सूर : मिरजेच्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची गोष्ट

लॉकडाऊनमध्ये घेतलेला कीबोर्ड असो की मोबाईलवरचं पियानो ॲप, शिकायला बसलं की महिन्याभरात एक शब्द कानावर पडतोच. सेव्हन्थ कॉर्ड. साध्या तीन सुरांच्या कॉर्डमध्ये चौथा सूर घालायचा आणि एका कॉर्डवरून दुसऱ्या कॉर्डवर जायचं. डी मायनर सेव्हन, मग जी सेव्हन, मग सी मेजर सेव्हन. बोटं अडखळतात, मग सवय होते, आणि एका संध्याकाळी जुन्या हिंदी गाण्यातला तो ओळखीचा रंग आपल्याच हातातून ऐकू येतो.

पण त्याच कीबोर्डवर यमन किंवा भीमपलासी वाजवून बघितला की काहीतरी चुकतं. पट्टी बरोबर असते, बोट बरोबर असतं, तरी राग कोरडा वाटतो.

असं का होतं? हा प्रश्न शंभरेक वर्षांपूर्वी सांगलीत एका निवृत्त डेप्युटी कलेक्टरने गांभीर्याने घेतला होता. त्याचं उत्तर शोधण्यासाठी त्यांनी ज्या गायकाचा गळा मोजला, ते गायक जवळच मिरजेला राहत होते. उस्ताद अब्दुल करीम खाँ.

आधी त्या कॉर्डचा हिशेब बघू

सूर म्हणजे हवेतली कंपनं. सेकंदाला किती कंपनं होतात त्यावर सूर किती उंच ते ठरतं. हिशेब सोपा जावा म्हणून आपला सा 240 कंपनांचा धरू.

तानपुऱ्याच्या नादात कान लावून शुद्ध गंधार गायला तर तो 300 वर स्थिरावतो. पंचम 360 वर. सा, ग, प यांचं नातं 4 : 5 : 6 असं पूर्ण आकड्यांचं होतं, म्हणून ते एकमेकांत विरघळल्यासारखे वाटतात. याच साखळीत पुढचा आकडा 7 घेतला तर 420 कंपनांचा सूर मिळतो. सी सेव्हन कॉर्डमधल्या चौथ्या सुराची ही नैसर्गिक जागा मानता येईल.

आता कीबोर्डवर काय मिळतं? तिथे सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग केलेले असतात. त्यामुळे गंधार 302.4 वर जातो, पंचम 359.6 वर आणि चौथा सूर 427.6 वर. पंचमातला फरक कळतही नाही. गंधारातला फरक कानाला टोचतो. साध्या पेटीवर सा आणि ग एकत्र धरून नीट ऐकलं तर आवाज आतून थरथरताना जाणवतो. वर धरलेल्या सासाठी ही थरथर सेकंदाला साधारण साडेनऊ वेळा होते. चौथा सूर तर बराच वर असतो.

मग कीबोर्ड बनवणाऱ्यांनी सरळ नैसर्गिक सूरच का बसवले नाहीत? कारण कॉर्ड बदलायच्या असतात.

सी म्हणजे सा धरला तर डी मायनर सेव्हन म्हणजे रे, म, ध, सा. जी सेव्हन म्हणजे प, नि, रे, म. सी मेजर सेव्हन म्हणजे सा, ग, प, नि. सगळ्या पांढऱ्या पट्ट्या. यातली पहिलीच कॉर्ड घ्या. म 320 वर आहे, त्याच्याशी ध चांगला जुळायचा तर तो 400 हवा. पण जी सेव्हनमध्ये पंचमाशी जुळायला रे 270 वर लागतो, आणि त्या रेशी ध जुळायचा तर तो 405 हवा. म आणि रे दोन्ही एकाच कॉर्डमध्ये आहेत, आणि ध ची पट्टी मात्र एकच.

म्हणजे कुणाला तरी नमतं घ्यावं लागणार. सारख्या बारा भागांच्या पद्धतीत सगळेच थोडं थोडं नमतं घेतात. कुठलाही सूर पूर्ण शुद्ध राहत नाही, पण कुठल्याही पट्टीतून कुठलीही कॉर्ड वाजवता येते. हा सौदा आहे, आणि पाश्चात्त्य संगीताने तो समजून-उमजून केला.

आपल्या रागसंगीतात सा बदलत नाही. दोन-तीन तास तोच सा. त्यामुळे या सौद्याची गरजच पडत नव्हती. पेटी आली तेव्हा मात्र सौदा तिच्यासोबत आयताच घरात शिरला.

किराण्याहून मिरजेला

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म 1872 चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. या गावाच्या नावावरूनच किराणा घराणं ओळखलं जातं. घरात गाणं आणि सारंगी दोन्ही होतं. वडील काले खाँ आणि काका अब्दुल्ला खाँ यांच्याकडे तालीम झाली. सारंगीला पट्ट्या नसतात, सतारीसारखे पडदेही नसतात. सूर कुठे आहे हे वाजवणाऱ्याच्या कानाला आणि बोटाच्या नखाला शोधावं लागतं. अशा घरात वाढलेल्या मुलाचा कान कसा तयार झाला असेल, याची कल्पना करता येते. पुढे ते बीनही वाजवत.

तरुण वयात ते भाऊ अब्दुल हक यांच्यासोबत बडोद्याच्या दरबारात आले. तिथे त्यांची ओळख ताराबाई माने यांच्याशी झाली. ताराबाई बडोद्याच्या राजघराण्याशी नातं असलेल्या सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या. हे नातं त्या काळात मान्य होण्यासारखं नव्हतं. दोघांनी बडोदा सोडलं. आधी मुंबई आणि एकोणिसावं शतक संपता संपता मिरज.

मिरज तेव्हा पटवर्धनांचं संस्थान होतं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे राहून गेले होते. विष्णु दिगंबर पलुसकरांची तालीम इथेच झाली होती. फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून सुरू झालेली तंतुवाद्यं बनवण्याची परंपरा गावात होती आणि आजही आहे. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच परंपरेचं फळ.

खाँसाहेब मिरजेत का रमले याची एक गोष्ट इथे सांगितली जाते. प्लेगच्या साथीत ते आजारी पडले, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन त्यांनी गाऊन प्रार्थना केली आणि ते बरे झाले. गोष्टीवर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, दर्ग्याशी त्यांचं नातं शेवटपर्यंत टिकलं हे खरं आहे. त्यांना वाद्यदुरुस्तीचा नाद होता. खुंट्या, घोडी, जवारी यात ते स्वतः हात घालत. वाद्य बनवणाऱ्यांच्या गावात अशा माणसाचं मन रमलं नसतं तरच नवल.

किराणा घराण्याच्या गायकीत एकेका सुराला वेळ दिला जातो. आलाप सावकाश, पायरी पायरीने वर चढतो. तानपुऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी निषादात लावण्याची पद्धतही या घराण्याच्या गायकांमध्ये दिसते. अशा गाण्यात सूर केसभर जरी हलला तरी लपवायला जागा नसते. लयकारीच्या धबडग्यात एखादा सूर सुटून जातो, इथे मात्र तो सगळ्यांसमोर उभा असतो.

सांगलीचे देवल आणि तारेवरचं मोजमाप

कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांना एका जुन्या कोड्याने पछाडलं होतं. भरताच्या नाट्यशास्त्रापासून आपले ग्रंथ सांगतात की सप्तकात 22 श्रुती असतात. पण त्या नेमक्या कुठे? ग्रंथात कंपनांचे आकडे नाहीत. आणि बाजारात आलेल्या पेटीवर तर सप्तकात बाराच सूर.

देवलांनी सरळ मार्ग धरला. जिवंत गायक जे गातो ते मोजायचं. आणि त्यासाठी खाँसाहेबांसारखा गळा हवा होता.

या मोजमापामागचं तत्त्व शाळेतल्या विज्ञानाचंच आहे. ताणलेल्या तारेचा वाजणारा भाग जितका आखूड, तितका सूर उंच. समजा 90 सेंटिमीटरची तार सा देते. गायक गंधार लावतो. तारेखालची घोडी सरकवत सरकवत तारेचा आवाज गायकाच्या आवाजात मिसळेपर्यंत आणायचा. मिसळला की लांबी मोजायची. 72 सेंटिमीटर भरली तर तो नैसर्गिक गंधार. पियानोचा गंधार हवा असेल तर घोडी साधारण 71.4 सेंटिमीटरवर न्यावी लागेल. अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपासचा फरक. पण तेवढ्या फरकावर सगळा वाद उभा होता.

या कामाला किती धीर लागत असेल बघा. गायकाने तोच सूर पुन्हा पुन्हा, न हलवता, तितकाच लावायचा. आज ट्युनरच्या काट्यासमोर दहा सेकंद एक सूर धरून ठेवून बघितला तर हे काम किती कठीण आहे ते लगेच कळतं.

या अभ्यासातून 1910 मध्ये देवलांचं इंग्रजी पुस्तक आलं. विषय होता हिंदू स्वरसप्तक आणि 22 श्रुती. खाँसाहेबांच्या गळ्यातल्या सुरांना आकडे मिळाले होते. मैफलीत वाहवा मिळणं वेगळं आणि आपला गंधार अपूर्णांकात छापून येणं वेगळं. त्या काळात फार थोड्या गायकांच्या वाट्याला हे आलं असेल.

मोजलेल्या सुरांची पेटी

देवलांचं काम अर्नेस्ट क्लेमेंट्स या इंग्रज आयसीएस अधिकाऱ्याला पटलं. क्लेमेंट्स न्यायखात्यातले, जिल्हा न्यायाधीश. भारतीय संगीताचा त्यांनाही नाद लागला होता. 1913 मध्ये त्यांचंही या विषयावर पुस्तक निघालं. या दोघांच्या पुढाकाराने फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था उभी राहिली.

मग पुढचं पाऊल आलं. सूर जर मोजता येतात, तर ते पेटीत का बसवू नयेत? लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून खास पेटी तयार झाली. श्रुती हार्मोनियम. तिच्यात सप्तकाला नेहमीच्या बारापेक्षा जास्त सूर होते, आणि ते सारख्या भागांनी न पाडता मोजलेल्या नात्यांनी लावलेले होते.

या पेटीमागची तळमळ समजून घ्यायला हवी. एकोणिसाव्या शतकात युरोपातून आलेली पेटी तोवर घराघरांत, कीर्तनात, शाळांत, संगीत नाटकांत पोचली होती. स्वस्त होती, टिकाऊ होती, आठवड्याभरात चार सूर वाजवता येत. तिला हाकलून देणं शक्य नव्हतं. मग तिलाच शुद्ध केलं तर? पुढच्या पिढीचे कान बिघडायच्या आधी?

बडोद्यात वाद पेटला

1916 च्या मार्चमध्ये बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. त्यामागे पंडित विष्णु नारायण भातखंडे होते. देशभरातले गायक, वादक, अभ्यासक जमले. देवल-क्लेमेंट्स यांचा श्रुतींचा सिद्धांत आणि त्यांची पेटी तिथे चर्चेला आली.

भातखंडे यांना हा सिद्धांत मान्य नव्हता. जुन्या ग्रंथांतल्या 22 श्रुती आणि आज गायले जाणारे राग यांची सांगड अशी थेट घालता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी स्वतः रागांची मांडणी केली ती बारा स्वर आणि दहा थाट धरून. परिषदेत श्रुती हार्मोनियमवर शिक्कामोर्तब झालं नाही.

भातखंड्यांचं पारडं जड का ठरलं, याचं एक कारण साधं आहे. त्यांना हजारो विद्यार्थ्यांना शिकवता येईल अशी पद्धत हवी होती. बारा स्वर कागदावर लिहिता येतात, वर्गात शिकवता येतात, परीक्षेत विचारता येतात. कॉर्डसाठी पियानोने जसा सौदा केला, तसाच सौदा भातखंड्यांनी शिक्षणासाठी केला असं म्हणता येईल. आजही कुठल्याही संगीत विद्यालयाच्या पहिल्या परीक्षेत बारा स्वरच शिकवले जातात.

पेटीची स्वतःचीही अडचण होती. पट्ट्या वाढल्या की बोटांचं गणित बदलतं. जुनी सवय असलेल्या वादकाला सगळं नव्याने शिकावं लागणार. शिवाय पेटीवर सूर एका जागी खिळलेला असतो, मीड निघत नाही. सूर कितीही बरोबर लावा, एका सुरातून दुसऱ्यात घरंगळत जाणं तिला जमत नाही.

गळा मोजून संपत का नाही?

देवलांनी गंधाराची जागा शोधली. पण रागात गंधार नेहमी त्याच जागी बसतो का?

कोमल निषादच घ्या, म्हणजे आपला सेव्हन्थ. मध्यमाशी नातं सांगणारा कोमल निषाद 427 कंपनांच्या आसपास येतो. कोमल गंधाराशी नातं सांगणारा 432 वर. आणि वर पाहिलेला 7 च्या आकड्याचा सूर 420 वर. कीबोर्डवर या सगळ्यांसाठी एकच काळी पट्टी. गायक यातला कुठला घेतो ते राग ठरवतो. कधी स्वर वर जाताना एक घेतला जातो आणि खाली येताना दुसरा. दरबारीतला गंधार तर आंदोलित असतो. त्याला एक आकडा देणं म्हणजे झोपाळा कुठे आहे असं विचारण्यासारखं आहे.

1963 मध्ये नाझीर जैराझभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी उत्तर हिंदुस्थानी कलावंतांच्या सुरांची यंत्राने मोजणी केली. एकाच मैफलीत एकाच कलावंताच्या एकाच स्वराची जागाही थोडी थोडी बदलते, असं त्यांना दिसलं. म्हणजे 22 ठरावीक खुंट्यांवर सूर टांगलेले नसतात.

मग देवलांची मेहनत वाया गेली का? नाही. कीबोर्डच्या बारा पट्ट्या म्हणजेच संगीत असं नाही, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. आणि कुठल्याही मोजमापाच्या थोडं पलीकडे गाणं उरतंच, हे खाँसाहेबांच्या गळ्याने दाखवलं.

शाळा उघडली, घर मात्र फुटलं

देवलांचं पुस्तक आलं त्याच वर्षी, 1910 मध्ये, खाँसाहेबांनी बेळगावला आर्य संगीत विद्यालय सुरू केलं. 1913 मध्ये पुण्यात शाखा निघाली. विद्यार्थी तिथेच राहत, जेवत, शिकत. उस्तादांच्या घराण्यातली विद्या बाहेरच्यांना द्यायची नाही, असं मानणाऱ्या काळात हे सोपं नव्हतं. जाहीर जलसे करून पैसे उभे करायचे आणि शाळा चालवायची, असा तो कारभार होता.

दक्षिणेशीही त्यांनी नातं जोडलं. म्हैसूर दरबाराची आमंत्रणं त्यांना येत. कर्नाटक संगीतातली सरगमची पद्धत त्यांनी आपल्या गाण्यात आणली आणि कर्नाटक पद्धतीच्या काही रचना ध्वनिमुद्रितही केल्या. हिंदुस्थानी गायकांमध्ये असं करणारे ते पहिल्या काहीजणांपैकी.

बाहेर गाणं पसरत असताना घरात मात्र तडा गेला. 1922 च्या सुमारास ताराबाई पाच मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी वडिलांचं नाव लावलं नाही, आईकडची नावं घेतली. ती नावं मराठी माणसाला पाठ आहेत. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, कृष्णराव माने, कमलाबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे. यातल्या हिराबाईंचा जन्म मिरजेचाच, 1905 चा.

ज्या वडिलांनी बाहेरच्या मुलांसाठी शाळा काढली, त्यांच्याच मुलांची पुढची वाटचाल त्यांच्याशिवाय झाली. हे दुःख खाँसाहेबांनी कसं पेललं हे कुणाला मोजता येणार नाही. हिराबाईंची तालीम खाँसाहेबांचे नातलग अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे झाली. तरी त्यांच्या गाण्यात तोच शांत, सुरेल गोडवा उतरला. रक्ताने आला, कानाने आला की घराण्याने, ज्याचं त्याने ठरवावं.

शिष्यांमध्ये रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व होते. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी होते. पुढे पाकिस्तानात गाजलेल्या रोशनआरा बेगम होत्या. सवाई गंधर्वांच्या शिष्यांमध्ये गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर आणि भीमसेन जोशी. गदगचा लहानगा भीमसेन गाणं शिकायला घरातून पळाला, त्यामागे खाँसाहेबांची एक ध्वनिमुद्रिका होती ही गोष्ट तर सगळ्यांनाच माहीत आहे.

पेटी शेवटी शेजारी बसलीच

खाँसाहेबांच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षांतल्या, 1930 च्या दशकातल्या ध्वनिमुद्रिका आज यूट्यूबवर सहज मिळतात. सगळ्यात लोकप्रिय आहे ती झिंझोटीतली ठुमरी. तीन-साडेतीन मिनिटांची. ती हेडफोन लावून ऐका.

मागे पेटीची साथ ऐकू येते.

ज्यांच्या गळ्यावरून पेटीतलं वैगुण्य मोजलं गेलं, त्यांनीच पेटीला शेजारी जागा दिली. यात विरोधाभास वाटेल. पण नीट ऐकलं की गंमत कळते. पेटी आपल्या जागी सूर धरते आणि आवाज तिच्यापासून जरा हटून, कधी किंचित खाली, कधी घसरत जाऊन आपली जागा घेतो. पेटी त्यांना खेचत नाही. उलट ती शेजारी असल्यामुळे आवाज कुठे वेगळा जातो ते आपल्याला कळतं.

पुढे 1 मार्च 1940 पासून ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. कारण तेच होतं, पेटीचे सूर आपल्या संगीताला मानवत नाहीत. ही बंदी 1971 मध्ये सैल झाली. तोवर वादकांच्या एका अख्ख्या पिढीला रेडिओचं दार बंद होतं. देवलांची पेटी सुधारण्याची कल्पनाही मेली नाही. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी 22 श्रुतींची पेटी तयार केली आहे.

रेल्वे स्टेशनवरची रात्र

1937 च्या ऑक्टोबरमध्ये खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. श्री अरविंदांच्या आश्रमात जायचं होतं. रेल्वेत त्यांना अस्वस्थ वाटू लागलं. सिंगपेरुमल कोविल या छोट्या स्टेशनवर ते शिष्यांसह उतरले. असं सांगतात की त्यांनी फलाटावर बिछाना घातला, नमाज पढला, सूर लावला आणि गाता गाताच डोळे मिटले. तारीख 27 ऑक्टोबर.

त्यांचं पार्थिव मिरजेला आणलं गेलं. ज्या दर्ग्यात त्यांनी गाऊन प्रार्थना केली होती, त्याच आवारात त्यांचं दफन झालं. आजही उरुसाच्या वेळी तिथे त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते. देशभरातले कलावंत येऊन हजेरी लावतात, आणि आसपासच्या गावांतली माणसं रात्र जागवून ऐकतात.

मग कीबोर्ड शिकणाऱ्याने काय करायचं?

सेव्हन्थ कॉर्ड जरूर शिकायच्या. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन ही साखळी आधी हळू, मग मेट्रोनोमवर, मग दुसऱ्या पट्ट्यांमधून. बाराही पट्ट्यांतून ती सारखीच वाजते, हाच त्या सौद्याचा फायदा आहे आणि तो पुरेपूर घ्यायला हवा.

फक्त सरावाआधी पाच मिनिटं आणखी एक गोष्ट करून बघता येईल. मोबाईलवर तानपुरा लावायचा. सा म्हणायचा, मग गंधार. घाई करायची नाही. तानपुऱ्यात तो पूर्ण मिसळला असं वाटलं की तो सूर धरून ठेवून कीबोर्डवरची गंधाराची पट्टी दाबायची.

कान तयार होत गेला की एखाद्या दिवशी दोन्हींमधला फरक ऐकू येईल. आकड्यात तो जेमतेम अडीच कंपनांचा आहे.